वाचकांचे प्रश्न: जुन्या मसल कारला आजचे ब्रेक, आजचा गिअरबॉक्स

मागच्या अंकात रेस्टोमॉडवर चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे बॉडी साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाडीची आणि आतलं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आजचे. त्यावर इतकी पत्रं आलीत की हा सगळा अंक त्यातच जाणार. बहुतेकांनी हॉर्सपॉवर विचारलीय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, इंजिन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी गाडी थांबली पाहिजे, मग मागचा ॲक्सल आणि गिअर ठरले पाहिजेत, आणि त्यांना झेपेल तेवढं इंजिन घ्यायचं. म्हणून ब्रेकचं पत्र पहिलं घेतोय.

प्रश्न: माझी १९६८ची कमॅरो आहे, ३५० स्मॉल ब्लॉक (शेव्हरलेचं लहान आकाराचं व्ही८), आधीच्या मालकाने त्यात बराच गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट) टाकलाय, आयडलला मस्त डुगडुगते. चारही चाकांना ड्रम होते म्हणून पुढे डिस्कचं किट बसवलं, किटमधलाच बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा) आणि मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) लावला. आता पेडल एकदम कडक लागतं आणि गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. किट खराब निघालं का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर: किट बहुतेक ठीक आहे, तुमच्या इंजिनशी त्याचं जमत नाहीये. ड्रम ब्रेक स्वतःच स्वतःला मदत करतो, चाक फिरताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो, तो मागच्या शूला ढकलतो, आणि पायाने दिला त्याच्या कितीतरी पट जोर शूवर येतो. म्हणून बूस्टर नसतानाही चार ड्रमची गाडी हलक्या पायाने थांबायची. डिस्कला ही मदत मिळत नाही, तिला सरळ प्रेशरच लागतं, आणि ते प्रेशर कुठून येणार याचा हिशोब कुणी करत नाही.

तुमचाच हिशोब करू. पॉवर ब्रेकच्या जोडणीत पेडलचा रेशो साधारण ४ ला १ असतो. पायाने १०० पाउंड जोर दिला तर मास्टर सिलिंडरच्या दांडीवर ४०० पाउंड. किटमधला मास्टर सिलिंडर सव्वा नाही पण १⅛ इंच बोअरचा असेल, बऱ्याच पॉवर किटमध्ये तोच येतो, त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ०.९९४ चौरस इंच, म्हणजे बूस्टरने काहीच मदत केली नाही तर प्रेशर जेमतेम ४०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). तोच पाय ६ ला १ रेशोवर आणि १५/१६ इंच बोअरवर ठेवा, ६०० पाउंड भागिले ०.६९०, म्हणजे ८७० पीएसआय. पाय तोच, प्रेशर दुपटीच्या वर. म्हणजे पॉवर ब्रेकची सगळी जोडणी बूस्टरच्या भरवशावर आहे आणि बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर, आणि गरम कॅम व्हॅक्यूमच खातो.

तर आधी व्हॅक्यूम गेज लावून बघा. गाडी पूर्ण तापलेली हवी, आयडलवर हवी, ऑटोमॅटिक असेल तर कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवून ड्राइव्हमध्ये बसवा आणि हँडब्रेक ओढून घ्या, कारण न्यूट्रलमध्ये आकडा चांगला दिसतो आणि ड्राइव्हमध्ये टाकला की पडतो, आणि सिग्नलला थांबताना तुम्ही ड्राइव्हमध्येच असता. बूस्टर बनवणारे साधारण १८ इंच पारा मागतात. तुमच्याकडे दहा-अकरा दिसला तर रोगाचं निदान तिथेच झालं.

उपाय तीन आहेत. पहिला म्हणजे बूस्टर काढून टाकायचा आणि मॅन्युअल डिस्क करायची, पेडलच्या दांड्याला दोन भोकं असतात त्यातलं वरचं मॅन्युअलसाठी आणि खालचं पॉवरसाठी, तेव्हा दांडी वरच्या भोकात न्यायची आणि मास्टर सिलिंडर लहान बोअरचा घ्यायचा. पेडल जरा जास्त खाली जाईल कारण लहान पिस्टन तेवढंच तेल ढकलायला लांब चालतो, पण ते पेडल खरं बोलतं, चाक लॉक व्हायच्या बेतात आलं की पायाला कळतं. मला स्वतःला हाच आवडतो. दुसरा हायड्रोबूस्ट, जो पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालतो, त्याला व्हॅक्यूमशी काही देणंघेणं नाही, जीएमच्या ट्रकमध्ये आणि १९९६ ते २००४च्या व्ही८ मस्टँगमध्ये कंपनीनेच दिलेला आहे आणि इंजिन बंद पडलं तरी त्याच्या ॲक्युम्युलेटरमध्ये एक-दोन ब्रेकपुरता साठा असतो. पायात दुखणं असेल किंवा घरातलं दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर हा घ्या. तिसरा विजेवरचा व्हॅक्यूम पंप, चालतो, पण आवाज करतो आणि अजून एक बिघडणारी वस्तू वाढते. नुसता व्हॅक्यूमचा डबा लावून काम भागत नाही, लागोपाठ दोन-तीन ब्रेक मारले की रिकामा.

अजून तीन गोष्टी त्याच दिवशी तपासा. एक, जुना पितळी डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक तसाच आहे का? चार ड्रमच्या ब्लॉकमध्ये मागचं प्रेशर कमी करायची सोय नसते, जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होऊन आधी लॉक होतात आणि गाडीची शेपूट फिरते, हे ओल्या रस्त्यावर फार वाईट. पुढे डिस्क मागे ड्रमसाठीचा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह लावा, किंवा हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून रिकाम्या मैदानावर मागचं प्रेशर अगदी कमीपासून हळूहळू वाढवत आणा, पुढची चाकं नेहमी मागच्याच्या आधी लॉक झाली पाहिजेत. दोन, मास्टर सिलिंडरच्या पुढच्या ब्रेकच्या तोंडात ड्रमसाठीचा रेसिड्यूअल व्हॉल्व्ह राहिलाय का, तो साधारण १० पीएसआय धरून ठेवतो आणि डिस्कचे पॅड कायम घासत राहतात. तीन, कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू (हवा बाहेर काढायचा) वरच्या बाजूला आहे ना ते वाकून बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसतो, सगळे बोल्ट नीट लागतात, फक्त ब्लीडर खाली येतो, आणि हवा तर वर जाते, मग कितीही तेल पंप करा पेडल स्पंजसारखंच राहणार.

प्रश्न: १९७०ची शेवेल, मन्सी चार स्पीड गिअरबॉक्स, मागे ३.७३चा १२ बोल्ट ॲक्सल. शहरात मजा येते पण हायवेला ७० मैलावर इंजिन नुसतं ओरडत असतं, बाजूला बसलेल्याशी बोलता येत नाही. सहा स्पीड टाकू का पाच? का सरळ ॲक्सलचा रेशो बदलू?
— एक वाचक, ओहायो

उत्तर: ॲक्सल बदलू नका, तुमच्या गाडीची निम्मी मजा त्या ३.७३ मध्ये आहे. हिशोब असा, ताशी मैल गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. २६ इंची टायर धरला तर ७० मैलावर मन्सीच्या चौथ्या गिअरमध्ये, जो सरळ १ ला १ आहे, ३,३७० च्या आसपास आरपीएम येतो. ट्रेमेक कंपनीच्या पाच स्पीड टीकेएक्सचा पाचवा गिअर ०.६८ घेतला तर तोच आकडा २,३०० होतो. त्यांच्याच सहा स्पीड टी-५६ मॅग्नमचा सहावा ०.६३ किंवा ०.५० मिळतो, ०.६३ ने २,१२५. म्हणजे पाच आणि सहामधला हायवेचा फरक फक्त पावणेदोनशे आरपीएमचा.

मग ठरवायचं टनेलवर, म्हणजे गिअरबॉक्ससाठी फ्लोअरला असलेल्या उंचवट्यावर. टीकेएक्स मुद्दाम जुन्या गाड्यांच्या टनेलमध्ये बसावा असा आटोपशीर बनवलाय, कंपनीच्या आकड्यानुसार ६०० पाउंड-फूट टॉर्क घेतो, तुमच्याकडे स्मॉल ब्लॉक असेल तर त्याला तो भरपूर झाला. मॅग्नम ७०० घेतो पण अंगाने मोठा, शेवेलच्या फ्लोअरला कापाकापी बरीच करावी लागते. इंजिनात पुढे फार काही करायचं नसेल तर टीकेएक्स. पहिला गिअरही बघून घ्या, पहिल्याचा रेशो गुणिले ॲक्सल हा गुणाकार दहाच्या जवळपास असला की रस्त्यावरची गाडी छान उचलते. टीकेएक्सचा २.८७ गुणिले ३.७३ म्हणजे १०.७, उत्तम. ३.२७ वाला घेतलात तर १२ च्या वर जाईल आणि पहिला गिअर टाकेपर्यंत दुसरा मागेल.

आता जे काम लोक टाळतात ते. बेलहाऊसिंगचं मधलं भोक आणि क्रँकशाफ्टचा मध्य एका रेषेत आहे का ते डायल इंडिकेटरने मोजायचं. फ्लायव्हीलला चुंबकी स्टँड लावा, इंडिकेटरची सुई बेलहाऊसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर टेकवा, आणि इंजिन हाताने, प्लग काढून, सावकाश पूर्ण एक फेरा फिरवत आकडे लिहून घ्या. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त आला तर ब्लॉकच्या मागच्या डॉवेल पिना काढून ऑफसेट डॉवेल लावायच्या, त्या ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या मिळतात, आलेल्या फरकाच्या निम्म्या मापाची जवळची घ्यायची. जुना मन्सी हा फरक सहन करायचा, नवीन गिअरबॉक्स करत नाही, गिअर अडकतात, वरच्या आरपीएमला सिंक्रोनायझर खरडतात आणि मग लोक म्हणतात की बॉक्सच खराब निघाला.

शेवटी ड्राइव्हशाफ्ट. बॉक्सची लांबी बदलली की शाफ्ट नवीन करावाच लागतो, पण त्याआधी कोन बघा. बॉक्सच्या मागच्या शाफ्टची रेषा आणि पिनियनची, म्हणजे ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या शाफ्टची, रेषा एकमेकींना समांतर हव्यात, आणि दोन्ही क्रॉसवरचा (युनिव्हर्सल जॉइंटवरचा) चालता कोन एक ते तीन अंशांत बसला पाहिजे. कोन मोजायचं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. गाडी जॅकवर उचलून, मागची चाकं लोंबकळत ठेवून मोजलंत तर आकडे खोटे येणार, वजन चाकांवरच हवं. साठ मैलाला सीटमध्ये जी भुणभुण येते ती दहातल्या नऊ वेळा इथली असते आणि लोक टायर बॅलन्स करत बसतात.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांची १९६९ची पॉन्टिॲक जीटीओ गॅरेजमध्ये कितीतरी वर्षं झाकून होती, ते गेल्यानंतर ती आमच्याकडे आली. इंजिन मूळचंच आहे असं ते सांगायचे. नवरा म्हणतो एलएस३ (जीएमचं आधुनिक व्ही८) टाकू, ४३० हॉर्सपॉवर, चावी फिरवली की चालू. मला त्यांच्या गाडीतलं इंजिन काढून विकायचं मनाला पटत नाहीये, पण गाडी चालवायची तर दोघांनाही आहे. काय करावं?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर: ताई, विकू तर नकाच. आधी पीएचएस, म्हणजे पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून गाडीच्या फॅक्टरी बिलाची प्रत मागवा, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) दिला की गाडी कारखान्यातून कुठल्या इंजिन-गिअरबॉक्ससह निघाली ते कागदावर कळतं. मग इंजिनच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडे, ब्लॉकवर ठोकलेली दोन अक्षरं त्या बिलाशी जुळवून बघा. मूळचंच निघालं तर गाडीची बाजारातली किंमतही त्या जोडीवर आहे, आणि तुमच्या घरातली किंमत तर आहेच.

तुमच्या नवऱ्याला जे हवंय, म्हणजे लगेच चालू होणं, रोज चालवता येणं, ते मूळ ४०० क्यूबिक इंचावरही मिळतं. कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडीचं फ्यूएल इंजेक्शन बसतं, पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढे डिस्क, मागे आहे ते ड्रम चांगले करून. यातलं प्रत्येक काम गाडी न कापता होतं आणि उद्या पुन्हा मूळ स्थितीला नेता येतं, ही माझी एकच अट आहे, काढलेला प्रत्येक भाग, अगदी एअर क्लीनरचा नटसुद्धा, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. इंजिन उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या करून घ्या, हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं आहे. कॉम्प्रेशनही साडेदहाच्या वरचं आहे, आजच्या पंपावरच्या प्रीमियमवर खडखड आली तर इग्निशनचं टायमिंग ऐकत ऐकत लावावं लागेल.

आणि वर्षानुवर्षं उभी होती म्हणताय, तर पहिली चावी फिरवायच्या आधी टाकीतलं जुनं पेट्रोल आणि ब्रेकच्या रबरी नळ्या. नळी बाहेरून छान दिसते आणि आतून फुगून बंद झालेली असते, तेल जातं पण परत येत नाही, मग चाक जाम. तीनही नळ्या न बघताच बदला.

प्रश्न: दादा, २००४च्या सिल्व्हराडो ट्रकमधलं ५.३ लिटर इंजिन भंगारवाल्याकडून उचललंय, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट. १९७२च्या नोव्हामध्ये टाकायचंय. काय काय अडेल?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर: चांगला निर्णय आहे रे, बिडाचा ब्लॉक जड असतो पण दणकट. बसवताना पहिलं अडणार ऑइल पॅन, ट्रकचा पॅन खोल असतो, नोव्हाच्या क्रॉसमेंबरखाली लोंबेल आणि स्पीड ब्रेकरला फुटेल, तेव्हा कमी खोलीचा पॅन, आणि त्याच्या जोडीचा पिकअप (तेल ओढणारी नळी) आणि विंडेज ट्रे (क्रँकखालचा पत्रा) एकत्रच घे. दुसरा एसीचा कॉम्प्रेसर, ट्रकमध्ये तो पॅसेंजर बाजूला अगदी खाली असतो, तिथे तुझ्या सबफ्रेमचा रूळ आहे.

पेट्रोलचं मात्र नीट समजून घे. तुझ्या जुन्या कार्ब्युरेटरला ५-७ पीएसआय पुरायचं, या इंजिनला ५८ लागतं. नळी, जॉइंट, क्लॅम्प सगळं त्या प्रेशरचं हवं, जुन्या रबरी नळीवर साधा क्लॅम्प कसून चालणार नाही, ती सुटली तर गरम एक्झॉस्टवर फवारा उडतो. इंजेक्टरच्या रेलला परतीची नळी नसेल तर १९९९ ते २००३च्या कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर वापरतात, तो टाकीजवळ लावला की ५८ आपोआप धरतो आणि उरलेलं तिथूनच टाकीत परत जातं. पंप टाकीच्या आतच बसव आणि टाकीत बॅफल (पेट्रोल हिंदकळू न देणारे आतले पडदे) असू दे. बाहेर लावलेला पंप गरम होतो, ओरडतो, आणि बॅफल नसलेल्या टाकीत पाव टाकी पेट्रोल असताना लांब वळण घेतलं की सगळं एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, आणि नेमकं वळणाच्या मध्यात इंजिन गचके खातं.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी. २००४चं इंजिन म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, तर पेडल, थ्रॉटलचं मॉड्यूल आणि कॉम्प्युटर एकाच जोडीतले हवेत, पेडल आणलं नसशील तर आजच परत जा. क्रँकच्या सेन्सरची चकती या काळात २४ दात्यांची असते, नंतरच्या इंजिनांत ५८, कॉम्प्युटर बदलायचा झाला तर तो चकतीशी जुळणारा घे. आणि कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी लॉक प्रणाली बंद करून घे, नाहीतर इंजिन क्षणभर चालू होऊन मरेल आणि तू पेट्रोल शोधत बसशील. नोव्हाचा मूळ अल्टरनेटर ३७ ॲम्पिअरचा, त्याची चार्जिंगची वायर तेवढीच बारीक, नवीन अल्टरनेटर लावताना ती वायर जाड टाक आणि इंजिन, बॉडी, बॅटरी तिघांनाही एकमेकांशी स्वतंत्र ग्राउंड दे, रंग खरवडून.

हेडच्या वरच्या बाजूला वाफेच्या बारीक नळ्या दिसतील, त्या बंद करू नकोस, रेडिएटरच्या वरच्या भागाला जोड. त्या बंद केल्या की वाफ हेडमध्येच अडकते आणि टेंपरेचरचा काटा ठीक दिसत असतानाही मागचे सिलिंडर तापतात.

आणि ड्रम ब्रेकवर हे इंजिन टाकू नकोस. पहिलं उत्तर वाच.

प्रश्न: १४ इंची मूळ रॅली चाकं ठेवून पुढे १३ इंची रोटर (डिस्कच्या चकत्या) बसतील का?

उत्तर: नाही, १३ इंचीला निदान १७चं चाक हवं. ११ इंची डिस्कसाठी १५ सोपं, १४ मध्ये मूळ कंपनीची डिस्कसाठीच बनवलेली चाकं असतील तर बसतं, पण खात्री करून घ्या. चांगला किटवाला कॅलिपरचा नकाशा देतो, तो खऱ्या मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि चाकाच्या आत पूर्ण फिरवून बघायचा, स्पोकच्या मागच्या बाजूलाही, कारण बहुतेक वेळा कॅलिपर रिमला नाही तर स्पोकला लागतो.

प्रश्न: सिलिकॉनचं डॉट ५ ब्रेकचं तेल रंग खात नाही म्हणतात, टाकू का? नाहीतर ५.१?

उत्तर: नाव सारखं वाटलं तरी ५ सिलिकॉन आहे आणि ५.१ हे डॉट ३-४ च्याच जातीचं ग्लायकॉल. दोन जाती कधीच एकत्र करायच्या नाहीत. वर्षभर उभ्या राहणाऱ्या प्रदर्शनाच्या गाडीला सिलिकॉन चालेल, पण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात आणि पेडल जरा मऊ लागतं. चालवायच्या गाडीला मी डॉट ४ च सांगतो, कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ वर येतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. नवीन नळ्या टाकताना जुन्या गाडीचा ४५ अंशाचा डबल फ्लेअर आणि रेसिंगवाल्या फिटिंगचा ३७ अंशाचा फ्लेअर एकमेकांवर कसू नका, घट्ट होतात आणि मग गळतात. आणि ब्रेकच्या नळीवर कॉम्प्रेशन फिटिंग कुठेही नको.

प्रश्न: कॅलिफोर्नियात राहतो, १९७७ची ट्रान्स ॲम घेतोय. एलएस३ टाकला तर स्मॉग (प्रदूषण चाचणी) पास होईल का?

उत्तर: १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग चेक नाही, तुमची १९७७ची म्हणजे तुम्हाला आहे. इंजिन बदलता येतं, पण ते गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनबरोबर कंपनीने दिलेली प्रदूषणाची सगळी सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेचा कोळशाचा डबा, सगळं जागेवर आणि चालू हवं. मग स्मॉग रेफरीकडे (राज्याने नेमलेल्या तपासनिसाकडे) गाडी न्यायची, तो तपासून लेबल लावतो आणि पुढच्या चाचण्या त्या लेबलवर होतात. जीएमचं ई-रॉड नावाचं पॅकेज याचसाठी आहे, एलएस३ सोबत हे सगळं एकत्र येतं आणि त्याला कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मान्यता आहे. भंगारातलं इंजिन घेणार असाल तर ते कुठल्या सालच्या कुठल्या गाडीतलं याचा कागद विकणाऱ्याकडून घ्याच, आणि पैसे द्यायच्या आधी रेफरीला तो कागद दाखवून विचारा. हेडर आणि एक्झॉस्ट त्यानंतर.